एक ड्रायव्हर, अनेक नग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरशी बोलू देणारा कोड, लिहायला शिकणारी मंडळी मला जे विचारतात त्यातले निम्मे प्रश्न फिरून एकाच जागी येतात : एक बोर्ड लावला की सगळे सुरळीत, तसाच दुसरा लावला की गोंधळ. त्या दुखण्याची वेगवेगळी रूपे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणे लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) आहेत, कारण माझे रोजचे काम त्यातच चालते. विंडोज आणि फ्रीबीएसडीवर काम करणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक प्रश्न आहे.

एका बोर्डावर महिनोन् महिने चाललेला ड्रायव्हर दुसरा बोर्ड लावताच का बिघडतो?

ड्रायव्हरची सोर्स फाइल उघडून वरच्या वीस ओळी बघा. तिथे बहुतेक वेळा एक ग्लोबल पॉइंटर, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरला सामाईक असा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल, सापडतो. त्याचे नाव काहीही असो, काम एकच : प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) मेमरी घ्यायची, तिचा पत्ता या पॉइंटरमध्ये ठेवायचा आणि रीड, राइट, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) सगळीकडे तोच वापरायचा.

आता तापमान मोजणारे दोन यूएसबी बोर्ड आहेत असे समजा. पहिला लावला, प्रोब चालले, पॉइंटर पहिल्याकडे बघू लागला. दुसरा लावला, तेच प्रोब पुन्हा चालले आणि पॉइंटरवर दुसऱ्याचा पत्ता चढला. पहिल्या बोर्डाची मेमरी अजून जागेवर आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट मोडली. आता पहिल्या बोर्डाची डिव्हाइस फाइल वाचली तरी आकडा दुसऱ्याचा येतो. पहिला भट्टीत आणि दुसरा टेबलावर असेल, तर भट्टीचे तापमान २८ अंश दिसते. काही कोसळत नाही, कुठे एरर येत नाही, आणि म्हणूनच हा दोष फार दिवस लपून राहतो. मग कुणी तरी दुसरा बोर्ड उपसतो, रिमूव्ह (नग निघाल्यावर चालणारे फंक्शन) त्याची मेमरी सोडून देते, आणि पुढच्या वाचनाला कर्नल सोडलेल्या मेमरीत हात घालतो. तेव्हा कुठे स्क्रीनवर ऊप्स (कर्नलचा चूक-अहवाल) उमटतो आणि सगळे दुसऱ्या बोर्डाला दोष देऊ लागतात.

ड्रायव्हरमधल्या प्रत्येक व्हेरिएबलला एक प्रश्न विचारायची सवय लावा : याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? मालक तीनच असू शकतात. एक, संपूर्ण ड्रायव्हर. दोन, एखादे उपकरण, म्हणजे एक नग. तीन, कुणी तरी उघडलेली एक फाइल. खालची बहुतेक उत्तरे या तीन मालकांमधली सरमिसळ सोडवण्याबद्दल आहेत.

मग प्रत्येक नगाची माहिती ठेवायची कुठे?

त्याच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये. कर्नल प्रत्येक जुळणाऱ्या उपकरणासाठी प्रोब वेगळे बोलावतो, म्हणजे 'नवा नग आला' ही वर्दी तुम्हाला आयतीच मिळते. प्रोबमध्ये शिरल्यावर त्या नगापुरते स्ट्रक्चर घ्या आणि रजिस्टरांचा पत्ता, लॉक, बफर, रांग, वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग), टायमर असे सगळे त्यातच मांडा. मग त्या स्ट्रक्चरचा पत्ता उपकरणाच्याच खिशात ठेवून द्या. यासाठी डेव्ह_सेट_ड्रायव्हडेटा आहे, आणि बसनुसार त्याची भावंडे आहेत : पीसीआयसाठी पीसीआय_सेट_ड्रायव्हडेटा, यूएसबीसाठी यूएसबी_सेट_इंटफडेटा, आय-टू-सीसाठी आय२सी_सेट_क्लायंटडेटा. पुढे रिमूव्ह, सस्पेंड, रिझ्यूम यांपैकी काहीही आले तरी कर्नल ते उपकरण हातात देतोच. खिशात हात घालायचा आणि आपले स्ट्रक्चर काढायचे.

पाच-दहा नगांची ग्लोबल अ‍ॅरे करून मार्ग काढणारे अनेक ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते चालते, पण अकरावा नग आला की प्रोब हात वर करते. शिवाय मधला नग काढून परत लावला की कुठली खाच रिकामी आहे हे शोधण्याचे काम गळ्यात पडते. खिशाची सोय असताना त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीड किंवा राइटमध्ये उपकरण हातात येत नाही, फक्त फाइल येते. कुठला नग आहे हे कसे ओळखायचे?

नवशिक्या माणसाचे पाऊल इथेच ग्लोबल पॉइंटरकडे वळते, म्हणून हे सावकाश समजून घ्या.

कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलसारखे वाचता-लिहिता येणारे उपकरण) नोंदवताना स्ट्रक्ट सीडेव्ह नावाचे छोटे स्ट्रक्चर लागते. ते स्वतंत्र ठेवू नका, आपल्या नगाच्या स्ट्रक्चरच्या पोटातच ठेवा. पॉइंटर म्हणून नव्हे, अख्खे. कुणी फाइल उघडली की ओपनमध्ये आयनोड (कर्नलकडची त्या फाइलची नोंद) मिळतो आणि आयनोडच्या आय_सीडेव्हमध्ये त्या सीडेव्हचा पत्ता असतो. हा पत्ता तुमच्या स्ट्रक्चरच्या आतल्या एका खोलीचा आहे. खोली घराच्या दारापासून किती बाइटवर आहे हे कंपायलरला ठाऊक असते. तेवढे अंतर वजा केले की घराचा पत्ता मिळतो. कंटेनर_ऑफ हा मॅक्रो नेमकी एवढीच वजाबाकी करतो. समजा सीडेव्ह आपल्या स्ट्रक्चरमध्ये ६४ व्या बाइटपासून सुरू होतो, तर मिळालेल्या पत्त्यातून ६४ वजा. यात कुठली यादी शोधावी लागत नाही आणि कुठला लॉकही घ्यावा लागत नाही.

मिळालेला पत्ता ओपनमध्येच फाइलच्या प्रायव्हेट_डेटामध्ये ठेवून द्या, म्हणजे पुढे रीड, राइट, आयऑक्टल, पोल सगळ्यांना तो तयार मिळेल. मिसलेनियस डिव्हाइस (छोट्या उपकरणांसाठीची कर्नलची सोपी नोंदणी) वापरत असाल तर कर्नल स्वतःच प्रायव्हेट_डेटामध्ये तुमच्या मिसडिव्हाइसचा पत्ता भरून देतो. तिथूनही कंटेनर_ऑफने घर गाठता येते.

हीच युक्ती वर्कक्यू आणि टायमरलाही लागू पडते. वर्क_स्ट्रक्ट (वर्कक्यूतले एक काम) नगाच्या पोटात ठेवले की कॉलबॅकमध्ये आलेल्या त्याच्या पत्त्यावरून नग सापडतो.

एकच नग दोन प्रोग्रामांनी उघडला तर?

तर तिसरा मालक आला. 'मी कुठपर्यंत वाचले', 'मला कुठल्या घटना हव्यात' अशा गोष्टी उपकरणाच्या नसतात, उघडलेल्या फाइलच्या असतात. ओपनमध्ये एक छोटे वेगळे स्ट्रक्चर घ्या, त्यात नगाचा पत्ता आणि या वाचकाची खूण ठेवा, आणि प्रायव्हेट_डेटामध्ये हे छोटे स्ट्रक्चर टाका. रिलीज आले की ते सोडा. एका वेळी एकालाच उघडू द्यायचे असेल तर ती खूणही नगाच्या स्ट्रक्चरमध्ये हवी. ती ग्लोबल राहिली तर पहिला बोर्ड वापरात असताना दुसरा उघडायला गेल्यावर उगाच 'बिझी' मिळते.

म्हणजे ग्लोबल काही ठेवायचेच नाही का?

खरोखर सगळ्या नगांचे सामाईक असेल ते खुशाल ठेवा : न बदलणारे फाइल_ऑपरेशन्सचे टेबल, आयडींचे टेबल, क्लास, मेजर (ड्रायव्हर ओळखणाऱ्या) क्रमांकाची पहिली जागा, क्रमांक वाटणारा आयडीए. टेबलांना कॉन्स्ट लावा, म्हणजे चुकून हात लागला तर कंपायलरच अडवेल.

सगळ्यात फसवे असते ते स्टॅटिक पण बदलणारे स्ट्रक्चर. स्टॅटिक मिसडिव्हाइस हे नेहमीचे उदाहरण. नमुन्याच्या कोडमध्ये तो वर एकदाच भरलेला असतो आणि प्रोबमध्ये मिस्क_रजिस्टर केलेला असतो. एका नगाला ठीक. पण त्या स्ट्रक्चरच्या आत यादीचा दुवा असतो आणि मिळालेला मायनर (नग ओळखणारा) क्रमांकही तिथेच लिहिला जातो. दुसऱ्या नगासाठी तेच स्ट्रक्चर पुन्हा नोंदवायला गेलात तर नोंदणी फसते आणि आधीच्या यादीतला दुवाही बिघडतो. जीपीआयओ चिप, फ्रेमबफर, इनपुट यांची स्ट्रक्चर्स अशीच प्रत्येक नगाच्या पोटात हवीत, आणि नावही प्रत्येकाचे वेगळे.

फंक्शनच्या आत दडलेला स्टॅटिक बफर विसरू नका. तोही ग्लोबलच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

नगांना क्रमांक कसे द्यायचे? प्रोबमध्ये एक स्टॅटिक काउंटर वाढवला तर चालेल का?

चालल्यासारखे वाटते, पण तीन ठिकाणी अडखळते. नग काढून परत लावला की काउंटर पुढेच जातो. दिवसभर केबल हलत राहिली तर क्रमांक वाढतच राहतात, आणि १६ मायनर राखून ठेवले असतील तर सतराव्यांदा जागा संपते. दुसरे, प्रोबला एखादी क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून मिळाला नाही म्हणून ते ईप्रोब_डिफर देऊन परतले, तर कर्नल तेच प्रोब नंतर पुन्हा बोलावतो. काउंटर आधीच वाढवला असेल तर एकाच नगाने दोन क्रमांक खाल्ले. तिसरे, दोन उपकरणांची प्रोब एकाच वेळी दोन कोअरवर चालू शकतात. कर्नलचा डिव्हाइस लॉक ज्याच्या त्याच्या उपकरणापुरता असतो; तो दोन वेगळ्या नगांना एकमेकांपासून अडवत नाही. साधा काउंटर तिथे एकच आकडा दोघांना देऊन बसतो.

यासाठी आयडीए वापरा. आयडीए_अलॉक सगळ्यात लहान मोकळा क्रमांक देते, आयडीए_फ्री तो परत घेते, आणि लॉकची काळजी ती स्वतः वाहते. क्रमांकांची चणचण नाही : आजच्या लिनक्समध्ये डेव्ह_टी ३२ बिटांचा आहे, त्यात १२ बिट मेजरला आणि २० बिट मायनरला, म्हणजे एका मेजरखाली १०,४८,५७६ मायनर. २.६ च्या आधी दोघांना मिळून १६ बिटच होते, तेव्हा २५६ मायनरमध्ये संसार करावा लागे. जुन्या कोडमधली बरीच काटकसर तिथून आली आहे.

बोर्डावरच्या कंट्रोलरांना ठरावीक क्रमांक हवे असतील, म्हणजे 'डबीवर यूएआरटी १ असे छापले आहे तोच १ राहिला पाहिजे', तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) एलियस द्या आणि ऑफ_एलियस_गेट_आयडीने तो वाचा.

मशीन रीस्टार्ट केले की टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ या यूएसबी-सिरीयल पोर्टांच्या नावांची अदलाबदल होते. ड्रायव्हरमध्ये काय दुरुस्त करू?

ड्रायव्हरमध्ये काही नाही. कर्नल क्रमांक देतो तो आधी कोण सापडले यावरून. तो क्रमांक म्हणजे रांगेतले टोकन आहे, ओळखपत्र नव्हे.

हे मी एका साखर कारखान्याच्या काट्यावर शिकलो. भरलेल्या गाडीसाठी एक काटा, रिकाम्या गाडीसाठी दुसरा, आणि दोन्हींचे आकडे एकाच संगणकावर. मध्ये बाजारातले एकसारखे दोन यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर. ऐन गळीत हंगामात रात्री वीज गेली, आली, आणि संगणक उठला तेव्हा दोघांची नावे उलटली होती. पहिल्याने लक्षात आणून दिले ते रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्याने : "साहेब, काट्यावर गाडी नाही आणि पडद्यावर वजन दिसतंय." पाच मिनिटांत चूक सापडली, पण तेवढ्या वेळात निघालेल्या दोन पावत्या रद्द कराव्या लागल्या. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे त्या पावतीवर ठरतात. तेव्हापासून मी कुठल्याही प्रोग्रामात नुसते टीटीवाययूएसबी० लिहू देत नाही.

उपाय यूडेव्हमध्ये, म्हणजे उपकरणांना नावे देणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहे. स्लॅश डेव्हखाली सिरीयल/बाय-आयडी आणि सिरीयल/बाय-पाथ अशी दोन फोल्डरे मिळतात. पहिल्यात नाव चिपच्या अनुक्रमांकावरून बनते, दुसऱ्यात कुठल्या पोर्टला जोडले आहे त्यावरून. अनुक्रमांक खरोखर वेगळे असतील तर बाय-आयडी उत्तम. एफटीडीआयच्या एफटी२३२आर चिपमध्ये ते सहसा वेगळे असतात. सीएच३४०जीमध्ये मात्र अनुक्रमांकच नसतो, आणि सीपी२१०२ असलेल्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर सगळीकडे ०००१ हाच असतो. असे दोन नग लावले की बाय-आयडीत एकाच नावासाठी दोघे भांडतात आणि तिथे एकच दिसतो. मग पोर्टवरून ओळखा आणि त्या पोर्टला रंगीत पट्टी चिकटवा. काट्यावर शेवटी तेच केले : भरलेल्या गाडीचा पोर्ट लाल, रिकाम्याचा हिरवा, आणि यूडेव्हच्या नियमातून दोघांना 'भरकाटा' आणि 'रिकाटा' अशी टोपणनावे.

नेटवर्क कार्डांचे दुखणे हेच होते. सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) १९७ व्या आवृत्तीने २०१३ मध्ये ईटीएच० ऐवजी स्लॉटवरून नावे द्यायला सुरुवात केली ती याच कारणाने.

स्वतः हार्डवेअर बनवत असाल तर एक कळकळीची विनंती : प्रत्येक नगात वेगळा अनुक्रमांक भरा. उत्पादनाच्या वेळी हे काही सेकंदांचे काम आहे. नंतर ते फार अवघड जाते.

लॉक एकच पुरे की प्रत्येक नगाला वेगळा?

लॉक ज्या माहितीला राखतो तिच्या शेजारी राहिला पाहिजे. नगाची माहिती नगाच्या स्ट्रक्चरमध्ये, तर लॉकही तिथेच. एकच ग्लोबल म्युटेक्स (वाट बघताना झोपू देणारा लॉक) ठेवला तर उत्तर चुकत नाही, पण पहिला बोर्ड दोन सेकंद उत्तर देत नसेल तर बाकीचे तीन बोर्ड विनाकारण ताटकळतात. इंटरप्टमध्येही हात लागणारी माहिती असेल तर म्युटेक्स नको, स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारा लॉक) हवा, आणि बाहेरच्या बाजूने तो इंटरप्ट बंद करून घ्यायचा. सामाईक गोष्टींसाठी, उदाहरणार्थ सगळ्या नगांची यादी ठेवत असाल तर तेवढ्यासाठी, वेगळा छोटा लॉक ठेवा.

दोन नगांचे लॉक एकत्र घेतले की लॉकडेप (कर्नलमधला लॉक तपासनीस) 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग' म्हणून ओरडतो. लॉक तर वेगवेगळे आहेत!

आहेत, पण लॉकडेप एकेक लॉक बघत नाही, लॉकची जात बघतो. एकाच ओळीतल्या म्युटेक्स_इनिटने तयार झालेले सगळे म्युटेक्स त्याच्या लेखी एका जातीचे. त्याला दिसते ते एवढेच : एका जातीचा लॉक हातात असताना त्याच जातीचा दुसरा मागितला.

त्याला गप्प करण्याआधी त्याचे म्हणणे ऐका. एका कोअरवर 'क' मग 'ख', आणि त्याच वेळी दुसऱ्या कोअरवर 'ख' मग 'क' असे झाले तर दोघे कायमचे अडकतील. म्हणून आधी क्रम पक्का करा. दोन पत्त्यांपैकी लहान पत्त्याचा आधी, ही सोपी पद्धत आहे. मग दुसरा लॉक म्युटेक्स_लॉक_नेस्टेडने घ्या आणि सिंगल_डेप्थ_नेस्टिंग सांगा. क्रम न ठरवता नुसते नेस्टेड लिहिणे म्हणजे धूर दिसताना अलार्मची वायर काढणे.

दोन कार्डे एकाच इंटरप्टवर आली आहेत. हँडलरला (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला) कसे कळेल की घंटी कुणाची वाजली?

रिक्वेस्ट_आयआरक्यूच्या शेवटच्या पॅरामीटरमधून. तिथे नगाच्या स्ट्रक्चरचा पत्ता द्या. तोच हँडलरला परत मिळतो. सामाईक इंटरप्टसाठी तिथे नल दिला तर कर्नल विनंतीच नाकारतो, कारण फ्री_आयआरक्यूला नेमका कोणता हँडलर काढायचा हे त्या पत्त्यावरूनच कळते. दोन्ही नगांना एकच पत्ता दिलात तर काढताना भलताच निघू शकतो.

हँडलरमध्ये आधी आपल्या नगाचे स्टेटस रजिस्टर वाचा. आपले काम नसेल तर आयआरक्यू_नन परत करा. 'असू दे' म्हणून नेहमी आयआरक्यू_हँडल्ड देणारा ड्रायव्हर खरी बिघाडाची खूण झाकतो. मागच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० कुणीच आपले म्हटले नाहीत तर कर्नल 'नोबडी केअर्ड' लिहून ती लाइन बंद करतो. हे संरक्षण खोट्या हँडल्डमुळे चालेनासे होते, आणि मशीन कारण न सांगता गोठते.

फाइल उघडी असताना कुणी केबल उपसली तर?

माझ्या अनुभवात, दोन नग नीट चालणारे ड्रायव्हरही इथे पडतात.

आधी एक गैरसमज. फाइल_ऑपरेशन्समध्ये ओनर म्हणून धिस_मॉड्यूल दिले की फाइल उघडी असेतोवर मॉड्यूल काढता येत नाही. त्यावरून अनेकांना वाटते की रिमूव्हही होणार नाही. पण मॉड्यूल म्हणजे कोड. केबल उपसल्यावर जाते ते उपकरण. डिस्कनेक्ट (रिमूव्हचे यूएसबीतले नाव) येणारच. त्याला नाही म्हणता येत नाही.

आता क्रम बघा. प्रोग्राम रीडमध्ये झोपला आहे. केबल निघाली. डिस्कनेक्टने स्ट्रक्चर केफ्रीने सोडून दिले. रीड जागे झाले, आणि ज्या स्ट्रक्चरमधल्या वेटक्यूवर (वाट बघणाऱ्यांच्या रांगेत) ते झोपले होते तेच उरले नाही. किंवा रीड सुखरूप परतले, पण प्रोग्रामने क्लोज केले तेव्हा रिलीज सोडलेल्या मेमरीत गेले.

यावर दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : उपकरण जिवंत असणे आणि मेमरी जिवंत असणे. मेमरीसाठी स्ट्रक्चरमध्ये केरेफ (वापरणाऱ्यांची मोजणी) ठेवा. प्रोबमध्ये केरेफ_इनिट, प्रत्येक ओपनमध्ये केरेफ_गेट, प्रत्येक रिलीजमध्ये केरेफ_पुट, आणि डिस्कनेक्टमध्येही एक केरेफ_पुट. शेवटचा जो कुणी सोडेल त्याच्या हातून मेमरी मोकळी होते, मग तो डिस्कनेक्ट असो की तासाभराने आलेले क्लोज.

उपकरणासाठी एक 'गेले' अशी खूण आणि म्युटेक्स. डिस्कनेक्ट आधी नवे ओपन बंद करते, मग म्युटेक्स घेऊन खूण करते, चालू असलेले यूआरबी (यूएसबी विनंत्या) मारते, झोपलेल्यांना उठवते. रीड आणि राइट हार्डवेअरला हात लावण्याआधी त्याच म्युटेक्सखाली खूण तपासतात आणि उपकरण गेले असेल तर ईनोडेव्ह ('उपकरण नाही' ही एरर) देऊन परततात. झोपेतून उठल्यावर पुन्हा तपासतात. हे दुसऱ्यांदा तपासणे हमखास विसरले जाते. वर्क आणि टायमर असतील तर ते थांबून, संपल्याची खात्री करून मगच पुढे जायचे.

ओपन आणि डिस्कनेक्ट यांच्यामधली फटही बुजवावी लागते : ओपनने नग शोधला, पण केरेफ_गेट करण्याआधी डिस्कनेक्टने शेवटचा पुट केला तर? शोधणे आणि मोजणी वाढवणे एकाच लॉकखाली हवे. कॅरेक्टर डिव्हाइससाठी सीडेव्ह_डिव्हाइस_अ‍ॅड वापरले तर सीडेव्ह आपल्या स्ट्रक्ट डिव्हाइसला धरून ठेवतो, आणि मेमरी त्या डिव्हाइसच्या रिलीज कॉलबॅकमध्ये सोडता येते. नव्या कोडमध्ये मी हाच मार्ग घेतो. कर्नलच्या झाडात यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे. त्यातली केरेफ आणि डिस्कनेक्टेड खूण यांची जोडी एकदा कागदावर काढून बघा.

डेव्हएम_केझेडअलॉक वापरले की मेमरीची चिंता मिटते ना?

बाइंडिंगपुरती, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडलेला असेपर्यंत, मिटते. डेव्हएमने घेतलेली मेमरी रिमूव्ह संपताच सुटते, उघड्या फाइलीची ती वाट बघत नाही. म्हणून ज्या स्ट्रक्चरपर्यंत फाइल पोहोचू शकते, ते डेव्हएमने घेऊ नका. आतला सीडेव्ह तर नक्कीच नको. क्लॉक, रेग्युलेटर, रजिस्टरांचे मॅपिंग यांसाठी डेव्हएम फार उपयोगी आहे.

सरमिसळीत आणखी एक खड्डा आहे. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि बफर हाताने रिमूव्हमध्ये सोडला, तर रिमूव्ह संपेपर्यंत हँडलर जागाच असतो. त्या मधल्या क्षणात इंटरप्ट आला की हँडलर सोडलेल्या बफरात लिहितो. हार्डवेअरचा इंटरप्ट आधी बंद करा, किंवा दोन्ही एकाच पद्धतीने घ्या; डेव्हएम उलट्या क्रमाने सोडते.

उपकरण एकच लावले, पण प्रोब दोनदा चालले. का?

यूएसबीमध्ये ड्रायव्हर उपकरणाला नाही, इंटरफेसला (उपकरणातल्या एका स्वतंत्र कामाच्या भागाला) जोडला जातो. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींतून दाखवतो तिथे) १-१.२:१.० असे नाव दिसते ते असे वाचा : १ क्रमांकाची बस, तिच्या १ क्रमांकाच्या पोर्टवर हब, हबच्या २ क्रमांकाच्या पोर्टवर आपले उपकरण, विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांनंतर पहिले कॉन्फिगरेशन आणि शून्यावा इंटरफेस. शेजारी १-१.२:१.१ असेल तर त्यासाठी वेगळे प्रोब येणार. दोन्ही मिळून तुमचा एक नग असेल, तर पहिल्या प्रोबमध्ये यूएसबी_ड्रायव्हर_क्लेम_इंटरफेसने दुसराही ताब्यात घ्या. डिस्कनेक्टही मग दोनदा येईल हे ध्यानात ठेवा. नको असलेला इंटरफेस असेल तर प्रोबमधून ईनोडेव्ह द्या.

उलट बाजू म्हणजे चार पोर्टांचे एक पीसीआय कार्ड : प्रोब एकदा, नग चार. तिथे कार्डाचे एक स्ट्रक्चर आणि त्यात चार पोर्टांची अ‍ॅरे. लॉकचीही तशीच विभागणी.

मॉड्यूल पॅरामीटरने प्रत्येक नगाला वेगळी सेटिंग देता येईल का?

अ‍ॅरे पॅरामीटर देऊन ओढूनताणून जमते. ध्वनी कार्डांचे ड्रायव्हर इंडेक्स तसेच घेतात. पण कुठला आकडा कुठल्या नगाला, हे सापडण्याच्या क्रमावर ठरते. त्याऐवजी सिसएफएस अ‍ॅट्रिब्यूट द्या. तिथे उपकरण हातात येते आणि खिशातून स्ट्रक्चर निघते.

लॉगमध्ये कुठला नग बोलतोय ते कळत नाही.

प्रिंटकेऐवजी डेव्ह_एर, डेव्ह_इन्फो, डेव्ह_डीबीजी वापरा. ओळीच्या सुरुवातीला उपकरणाचे नाव आपोआप येते.

विंडोज आणि फ्रीबीएसडीमध्ये हेच कसे असते?

विचार तोच, नावे वेगळी. विंडोजच्या डब्ल्यूडीएम या मूळ ड्रायव्हर पद्धतीत प्रत्येक नगासाठी अ‍ॅडडिव्हाइस चालते आणि माहिती डिव्हाइस एक्स्टेन्शनमध्ये राहते. तिच्यावर उभ्या केएमडीएफ फ्रेमवर्कमध्ये ईव्हीटीड्रायव्हरडिव्हाइसअ‍ॅड आणि डिव्हाइसचा कॉन्टेक्स्ट. तिथली नेहमीची चूक म्हणजे ठरावीक नावाची सिम्बॉलिक लिंक. दुसरा नग आला की ते नाव आधीच घेतलेले असते आणि कॉल नेम कोलिजनने फसतो. डिव्हाइस इंटरफेस जीयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) नोंदवा. प्रत्येक नगाला विंडोज वेगळे नाव देते.

फ्रीबीएसडीमध्ये या स्ट्रक्चरला सॉफ्टसी म्हणतात. त्याचा आकार ड्रायव्हरच्या घोषणेत सांगायचा, मेमरी कर्नल देतो, आणि डिव्हाइस_गेट_सॉफ्टसीने ती मिळते. नगाचा क्रमांकही डिव्हाइस_गेट_युनिटने आयता मिळतो.

माझ्याकडे एकच बोर्ड आहे. दोन नगांची चाचणी कशी करू?

क्यूईएमयूमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ईडीयू नावाचे शिकण्यासाठीच बनवलेले पीसीआय उपकरण आहे. कमांड लाइनवर ते दोनदा द्या, म्हणजे पाहुण्या मशीनला दोन सारखी कार्डे दिसतील. त्याच्या ०एक्स०८ रजिस्टरवर संख्या लिहिली की ते फॅक्टोरियल काढून ठेवते. पहिल्या नगाला ५ द्या, दुसऱ्याला ६, आणि मग दोघांची उत्तरे वाचा. १२० आणि ७२० आले पाहिजेत. दोन्हीकडे ७२० आले तर तुमचा ग्लोबल पॉइंटर सापडला. मग हेच दोन प्रोग्रामांतून एकाच वेळी, हजारो वेळा, वेगवेगळ्या संख्यांनी चालवा. १२ च्या वर जाऊ नका, १३ चे फॅक्टोरियल ३२ बिटांत मावत नाही.

यूएसबीसाठी डमी_एचसीडी हा खोट्या यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे. नम पॅरामीटरने एकाहून अधिक खोटे कंट्रोलर मिळतात आणि प्रत्येकाला एक गॅजेट (खोटे यूएसबी उपकरण) जोडता येते.

उपसण्याची चाचणी केबलला हात न लावता होते. ड्रायव्हरच्या सिसएफएस फोल्डरमधल्या अनबाइंड फाइलमध्ये नगाचे नाव लिहा, की रिमूव्ह चालते. बाइंडमध्ये लिहा, की प्रोब. पीसीआयसाठी उपकरणाच्या रिमूव्ह फाइलमध्ये १ लिहून ते काढता येते आणि बसच्या रीस्कॅनने परत आणता येते. एक नग सतत वाचत ठेवा आणि दुसरा शेलच्या लूपमध्ये काढत-लावत राहा. मग जो वाचला जात आहे तोच काढा. कर्नल बांधताना केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा), लॉकडेप आणि डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज चालू ठेवा. शेवटचा पर्याय मेमरी सोडणे मुद्दाम लांबवतो, त्यामुळे एरवी नशिबाने निभावणारी चूक पहिल्याच फेरीत उघडी पडते. अशी लूप मी रात्री लावून घरी जातो आणि सकाळी डीमेसेजची (कर्नलच्या लॉगची) शेवटची ओळ आधी बघतो.